पाय उभ्याने पाहावेत



या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी यंदा वैद्यकातल्या एखाद्या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा हृदयविकार किंवा मधुमेह हा विषय त्यांच्या मनात होता. मी पायाच्या शिरांचा विषय मागून घेतला. हृदयविकाराला माणूस घाबरतो आणि घाबरून का होईना, दवाखाना गाठतो. पायाच्या शिरांना कोणी भीत नाही. ते दुखणं अंगावर काढलं जातं. संध्याकाळी पिंढऱ्या भरून आल्या, पाय जड झाले, घोट्यावर सूज आली, तर आपल्याकडे त्याला आजार म्हणतच नाहीत. ‘दिवसभर राबल्यावर पाय दुखणारच’ एवढं बोलून विषय संपतो. मग कधीतरी घोट्याच्या आतल्या बाजूला एक जखम होते, ती महिनोन्‌महिने भरत नाही, आणि तेव्हा माणूस आमच्याकडे येतो. शल्यचिकित्सक म्हणून मी अशा जखमा आयुष्यभर पाहत आलो आहे. त्यांतल्या बहुतेकांची पूर्वसूचना त्या पायाने कितीतरी वर्षं आधी दिलेली असते.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते गुरुजी शिक्षक होते, म्हणजे उभ्याने करायच्या पेशातले. त्यामुळे हा विषय या व्यासपीठावर परका नाही.

मला जे सांगायचं आहे ते सुरुवातीलाच सांगतो. शिरांचा आजार ओळखायला पहिल्या पायरीवर कोणतंही यंत्र लागत नाही. लागते ती योग्य वेळ आणि योग्य स्थिती. वेळ संध्याकाळची आणि स्थिती उभी. हा आजार आडवं झालं की लपतो आणि रात्रभराच्या झोपेनंतर सकाळी जवळजवळ नाहीसा होतो. आणि आपण डॉक्टरांकडे कधी जातो? सकाळी. डॉक्टर कसं तपासतात? टेबलावर झोपवून. किनवट, मुखेड, देगलूरहून नांदेडला किंवा निलंगा, उदगीरहून लातूरला आलेली बाई सकाळच्या ओपीडीच्या रांगेत फरशीवर पाय पसरून बसते. नंबर येईपर्यंत सूज ओसरलेली असते. टेबलावर झोपली की फुगलेल्या शिराही रिकाम्या होतात. ‘काही दिसत नाही, कॅल्शियमच्या गोळ्या घ्या’ असं ऐकून ती परत जाते. यात रुग्णाचा दोष नाही आणि दरवेळी डॉक्टरांचाही नसतो. चुकीच्या वेळी, चुकीच्या स्थितीत पाहिलं गेलं, एवढंच.

असं का होतं हे कळण्यासाठी थोडं पायाच्या आत डोकावू या. हृदयाने ढकललेलं रक्त धमन्यांतून पायाच्या बोटांपर्यंत सहज उतरतं. प्रश्न आहे तो परत वर चढण्याचा. ते काम शिरांचं. पण शिरांना स्वतःची ताकद नसते. ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळली जाते आणि आतल्या शिरांतलं रक्त वर जातं. ते खाली परतू नये म्हणून शिरांत जागोजागी पातळ पडद्यांच्या झडपा असतात. शेतकरी श्रोत्यांना हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी जी फुटवॉल असते, तेच काम या झडपा करतात. फुटवॉल गळायला लागली की मोटार बंद पडताच पाइपातलं पाणी खाली उतरतं. शिरेची झडप गळायला लागली की माणूस उभा राहताच रक्त खाली उतरतं आणि घोट्यापाशी साचतं.

हा दाब किती असतो? स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाच्या पावलातल्या शिरेत सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालायला लागल्यावर, झडपा चांगल्या असतील, तर तो तीसच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. झडपा बिघडल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षं, घोट्याजवळची कातडी त्या दाबाखाली राहते. या आजाराची पुढची सारी लक्षणं या एका गोष्टीतून येतात.

झडपांचा शोध कसा लागला हे सांगायचा मोह आवरत नाही, कारण त्यातला प्रयोग तुम्ही घरी करू शकता. इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात फाब्रिकियस नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १६०३ साली शिरांतल्या झडपांवर सचित्र ग्रंथ छापला. पण झडपा कशासाठी असतात हे त्यांना नीट उमगलं नाही. रक्त खाली वेगाने जाऊन पायात साचू नये म्हणून त्या आहेत, असा त्यांचा समज होता. त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये दाखवून दिलं की शिरांतलं रक्त फक्त हृदयाच्या दिशेनेच जातं. त्याने दंडावर पट्टी आवळली, हातावरच्या शिरा फुगू दिल्या आणि एका शिरेवर बोट दाबून दुसऱ्या बोटाने रक्त वर सारलं. शिरेचा मधला भाग रिकामाच राहिला. वरचं रक्त खाली आलं नाही, कारण मधल्या झडपेने ते अडवलं. ज्यांच्या हातावर शिरा उठून दिसतात त्यांनी हे करून पाहावं. निरोगी शीर कशी वागते हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बिघडलेली शीर समजायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथींच्या वर्णनात शिरांपासून होणाऱ्या ग्रंथीचा उल्लेख आहे, आणि दुर्बळ माणसाने झेपणार नाहीत असे श्रम केले की ती होते, असं तिथे म्हटलं आहे. कष्टाचा आणि शिरांचा संबंध जुन्यांनी जोडला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तर आता या कष्टांकडे येऊ. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या गोलाईतल्या कापडाच्या दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहून साड्या उलगडणारी मुलं पाहा. आडत बाजारात तुरीची, सोयाबीनची पोती पाठीवर घेणारे हमाल पाहा. शिकवणी वर्गांत एकामागून एक तासिका उभ्याने घेणारे शिक्षक या शहरात किती असतील, याचा अंदाज तुम्हालाच अधिक. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरात तव्यापाशी, परातीपाशी उभे राहून सेवा करणारे हात आपण पाहतो. त्या हातांखालचे पाय कोणी पाहत नाही. चौकातला वाहतूक पोलीस, एसटीचा वाहक, न्हावी, इस्त्रीवाला, लग्नसराईतला आचारी, दवाखान्यातल्या परिचारिका, आणि हो, आम्ही शल्यचिकित्सकसुद्धा. चालण्याने शिरांना त्रास होत नाही. चालणं शिरांचं औषध आहे. त्रास होतो तो एका जागी उभं राहण्याने, कारण तेव्हा पोटरीचा पंप बंद असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या बाया मला आठवतात. पाण्याच्या टंचाईची किंमत पायांनीही मोजली आहे.

उभ्याच्या कामाखेरीज आनुवंशिकता हे मोठं कारण आहे. आई-वडिलांच्या शिरा फुगलेल्या असतील तर मुलांनी लवकर लक्ष द्यावं. वाढतं वय आणि वाढतं वजन आहेच. बायकांच्या बाबतीत गरोदरपण. त्या काळातल्या संप्रेरकांनी शिरांच्या भिंती सैल होतात आणि वाढत्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातल्या शिरांवर येतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत या शिरा बऱ्याच ओसरतात, पण दर खेपेला थोड्या मागे राहतात.

मात्र हा बायकांचाच आजार आहे हा समज खरा नाही. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात १८ ते ६४ वयाच्या सर्वसाधारण लोकांची तपासणी करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या शिरांचा फुगवटा पुरुषांपैकी सुमारे ४० टक्क्यांत आणि स्त्रियांपैकी ३२ टक्क्यांत आढळला. पुरुष दवाखान्यात कमी येतात, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे धोतर नेसणाऱ्या आजोबांच्या पोटरीवरच्या निळ्या गाठी साऱ्या गावाला दिसतात आणि कोणालाच खटकत नाहीत. आजींच्या शिरा लुगड्याच्या काठाखाली राहतात, त्या तर दिसतही नाहीत.

आता लक्षणं. पहिली लक्षणं दिसत नाहीत, जाणवतात. संध्याकाळी पाय शिसं भरल्यासारखे जड होतात. पोटरीत ठणका लागतो. घोट्याभोवती खाज सुटते. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो. हे सगळं पाय दुखण्याच्या इतर कारणांतही असू शकतं, म्हणून एक प्रश्न स्वतःला विचारावा: पाय वर केल्यावर काय होतं? उशीवर, लोडावर पाय ठेवून अर्धा तास पडलं आणि बरं वाटलं, तर शिरांकडे बोट जातं. याउलट पाय वर केल्यावर दुखणं वाढत असेल आणि खाटेवरून खाली सोडल्यावर बरं वाटत असेल, तर ती धमनी तुंबल्याची खूण आहे. तसंच ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येते, थांबलं की लगेच कमी होते, परत तेवढंच चाललं की पुन्हा भरते, हेही धमनीचं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने हे ऐकून दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दुखणं कमरेतून निघून मांडीच्या मागून खाली उतरत असेल तर मणक्याकडे पाहावं लागतं, आणि जिना उतरताना दुखत असेल तर गुडघ्याकडे.

मग दिसणारी लक्षणं येतात. मांडीवर किंवा गुडघ्याच्या आसपास लाल-निळ्या बारीक जाळ्या हा सर्वांत सौम्य प्रकार. सावळ्या कातडीवर त्या सहज दिसत नाहीत, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये. खरी खूण म्हणजे वेड्यावाकड्या, दोरासारख्या उठलेल्या शिरा. त्या बहुधा मांडीच्या आणि पोटरीच्या आतल्या बाजूला असतात, कधी पोटरीच्या मागे. दिसत नसतील तर हात फिरवून पाहावं. रंग फसवतो, बोटांना फुगवटा लागतो. पाच मिनिटं स्वस्थ उभं राहून मग चाचपावं, आणि झोपल्यावर त्याच जागी परत हात लावावा. उभ्याने होतं ते आडव्याने गेलं, तर निदानाचा अर्धा भाग झाला.

सूज ओळखायची रीत अशी. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने सावकाश दाबून धरायचं. बोट काढल्यावर खळगा राहिला तर सूज आहे. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ संध्याकाळी खोल उमटत असेल, पैंजण संध्याकाळी आवळत असतील, सकाळी सैल पडत असतील, तर तेही टिपून ठेवावं. शिरांची सूज बहुधा एका पायाला जास्त असते. दोन्ही पाय सारखे सुजत असतील, जोडीला दम लागत असेल, चेहरा सुजत असेल, लघवी कमी होत असेल, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासायला हवं. रक्त फार कमी असलं तरी पाय सुजतात. आणि एक गोष्ट पुष्कळांना कोणी सांगत नाही. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिनसारख्या गोळीनेही घोटे सुजतात. गोळी मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना सूज दाखवावी.

इथे आपल्या दोन जिल्ह्यांपुरती एक खास अडचण आहे. महाराष्ट्रातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत लातूर आणि नांदेड दोन्ही येतात. डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या वाटायला आरोग्य कर्मचारी घरी येतात, ते त्यासाठीच. त्यामुळे सुजलेला पाय दिसला की शेजारीपाजारी ‘हत्तीपाय’ म्हणून मोकळे होतात. त्या एका शब्दामुळे मुलींची लग्नं अडतात, बायका घराबाहेर पडेनाशा होतात. हत्तीरोग डासांमार्फत शिरलेल्या जंतांमुळे लसीकावाहिन्यांना होतो. शिरांशी त्याचा संबंध नाही. फरक असा पाहावा. हत्तीरोगात सूज पावलाच्या पाठीवर आणि बोटांवरही येते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहावी. जाड झाल्यामुळे ती चिमटीत येत नसेल तर लसीकेचा दोष संभवतो. शिरांच्या आजारात सूज घोट्याभोवती असते, बोटं बहुधा मोकळी राहतात. हत्तीरोगात थंडी वाजून तापाचे झटके येतात, जांघेत गाठ येते, पुरुषांच्या अंडकोषात पाणी भरतं. शंका असेल तर रात्रीच्या रक्ताचा नमुना तपासतात, कारण हे जंतू रात्रीच रक्तात उतरतात. गोळ्या वाटायला येतात तेव्हा त्या जरूर घ्याव्यात. पण फुगलेल्या शिरा त्यांनी बसत नाहीत, आणि शिरांचा रोगी हत्तीरोगाच्या नावाखाली वर्षं घालवत बसला तर त्याचं नुकसानच होतं.

सुजेनंतर कातडी बदलायला लागते, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित पायरी आहे. घोट्याच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात, कातडी आधी तांबूस-तपकिरी आणि मग काळी पडते. वाढलेल्या दाबाने रक्तपेशी केसासारख्या बारीक वाहिन्यांतून बाहेर झिरपतात, त्यांतलं लोह कातडीत साठतं, म्हणून हा रंग. तो धुऊन जात नाही. लोक त्याला चपलेचा डाग म्हणतात, उन्हाने काळवंडलं म्हणतात. मग तिथे खाज सुटते, पाणी सुटतं, खपल्या धरतात. हे इसब असतं, पण बहुतेकजण गजकर्ण समजून मेडिकलमधून मलम आणतात. स्टेरॉइड मिसळलेल्या त्या मलमांनी खाज थांबते, कातडी आणखी पातळ होते आणि शीर तशीच राहते. पुढे घोट्याच्या वरची कातडी आणि तिच्याखालची चरबी कडक, टणक होते. पोटरी वर भरलेली आणि घोट्यापाशी आवळलेली दिसते. काहींच्या त्या भागात पांढुरके, गुळगुळीत चट्टे पडतात. असा पाय कधी पाहिलात, तर तो आपल्या आईचा असो की बसमधल्या अनोळखी म्हाताऱ्याचा, त्यांना सांगा की इथे जखम व्हायला आता एक ओरखडा पुरेसा आहे.

तो ओरखडा कुठूनही येतो. बाभळीचा काटा, उसाचं पाचट, खाटेचा कोपरा. कधी तो आपणच करतो. दुखऱ्या जागी बिब्बा लावणं किंवा तापवलेल्या लोखंडाचा डाग देणं हे आपल्या भागात अजून संपलेलं नाही. काळवंडलेल्या घोट्यावर बिब्ब्याचा चटका बसला की तिथली कातडी जळते आणि खालच्या दाबामुळे ती पुन्हा जमत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि दरवेळी वाईट वाटलं आहे, कारण ज्याने बिब्बा लावला त्याने मायेपोटीच लावलेला असतो.

शिरांची जखम घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर असते. उथळ, पसरट, ओलसर असते, भोवतालची कातडी काळी असते. मधुमेह्याची जखम बहुधा तळपायाला किंवा बोटांना, दाब पडतो त्या जागी होते आणि दुखत नाही, कारण तिथली संवेदना गेलेली असते. कुष्ठरोगातही तसंच. धमनी तुंबल्याची जखम बोटांच्या टोकांना, काळी, कोरडी आणि रात्री झोपू न देणारी. आपल्याकडे पायावरची कुठलीही न भरणारी जखम ‘शुगरची’ ठरते. साखर तपासावी, पण साखर बरोबर निघाली तर जखमेचं कारण संपलं असं होत नाही. अशा वेळी वर पाहावं, पोटरीकडे, मांडीकडे.

या साऱ्या पायऱ्यांना जगभरचे डॉक्टर शून्य ते सहा असे क्रमांक देतात. १९९४ मध्ये हवाई बेटांवर जमलेल्या तज्ज्ञांनी ही रीत ठरवली. दोनवर फुगलेल्या शिरा, तीनवर सूज, चारवर कातडीचे बदल, पाचवर भरून आलेली जखम, सहावर उघडी जखम. आपल्याकडचा रोगी बहुधा चार किंवा सहावर येतो. दोनवर यावा, यासाठी हे सगळं बोलणं.

आता ज्या लक्षणांत संध्याकाळची वाट पाहायची नाही, ती सांगतो. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखायला लागली, गरम लागते आहे, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टरमध्ये पाय असताना, कर्करोगात, लांबच्या प्रवासानंतर आणि बाळंतपणानंतर हा धोका वाढतो. बाळंतिणीचं सांगतो, कारण आपल्या घरांत बाळंतीण खाटेवरून उठू नये असा दंडक असतो आणि पाय सुजला की तेल लावून चोळतात. असा पाय चोळू नये. चोळण्याने गुठळी सुटू शकते आणि वाहत फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त येणं ही त्याची खूण. तिथे तासांचा हिशेब असतो, १०८ ला फोन करावा. आणि बाळंतिणीला दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालू द्यावं.

खोल शिरेतली गुठळी विरली तरी झडपा मोडून जाते, आणि त्याचे परिणाम पुष्कळ वर्षांनी दिसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात पाय मोडून महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली माणसं आज आपल्यात आहेत. त्यांतल्या कोणाचा पाय तेव्हा सुजला असेल आणि आज घोटा काळा पडत असेल, तर हा नवा आजार नसून त्या दिवसाचंच उरलेलं दुखणं असू शकतं. औसा, निलंगा भागातल्या श्रोत्यांनी हे आपल्या गावात सांगावं.

दुसरी तातडीची गोष्ट रक्तस्राव. फुगलेली शीर घोट्यापाशी अगदी कातडीलगत आली असेल तर साध्या खरचटण्याने फुटते आणि रक्ताची धार लागते. दुखत नाही, म्हणून अंघोळीच्या वेळी कळतही नाही. अशा वेळी माणूस घाबरून खुर्चीवर बसतो, घरचे वर रुमाल करकचून बांधतात, हळद किंवा चहापत्ती भरतात. बसल्याने आणि वर बांधल्याने रक्त आणखी वाहतं. माणसं यात दगावलेली आहेत. करायचं एवढंच. लगेच आडवं पडायचं, पाय छातीच्या वर उचलायचा, स्वच्छ कापडाने नेमक्या जागेवर दाबून धरायचं. काही मिनिटांत रक्त थांबतं. मग दवाखाना.

उपचारांबद्दल थोडक्यात बोलतो. पट्टी किंवा घट्ट मोजे हा पाया. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पावलापासून गुडघ्यापर्यंत. पण त्याआधी डॉक्टरांनी पावलावरची नाडी तपासलेली असावी, कारण धमनी तुंबलेली असताना पाय आवळला तर पाय धोक्यात येतो. म्हणून मोजे मनाने विकत घेऊ नयेत. आमच्या मराठवाड्याच्या मे महिन्यात हे मोजे दिवसभर घालणं कठीण, हे मान्य. तेव्हा सकाळचे उभ्या कामाचे तास तरी घालावेत. बिघडलेली शीर लेसरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतून बंद करता येते, फेसाळ औषध टोचून बुजवता येते, काढूनही टाकता येते. ‘एक शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ हा प्रश्न सगळे विचारतात. रक्त वर नेण्याचं मुख्य काम खोल शिरा करतात, आणि त्या शाबूत आहेत हे आधी पाहूनच पुढे जातात. जखम असेल तर ती भरायची वाट पाहत बसू नये. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर लवकर बंद केलेल्यांची जखम भरायला मध्यम हिशेबाने ५६ दिवस लागले, नुसत्या पट्ट्यांवर थांबलेल्यांना ८२.

पूर्वी यासाठी औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात किंवा हैदराबादला जावं लागे. लातुरात १९६६ मध्ये विवेकानंद रुग्णालय उभं राहिलं, नांदेडला १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली. शिरांची कलर डॉपलर तपासणी आज दोन्ही शहरांत होते. तीसुद्धा उभं करून व्हायला हवी, आणि रुग्णाने तसं सांगायला संकोचू नये. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयात असतो, त्याला आधी भेटावं.

शेवटी दोन मागण्या. एक, या सभागृहात दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांतले माझे सहकारी बसले आहेत, त्यांच्याकडे. आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी पाच ते सात पायांची ओपीडी चालवा, आणि तिथे रुग्णाला उभं करून तपासा. त्यासाठी इमारत लागणार नाही, नवीन यंत्र लागणार नाही. दुसरी तुमच्याकडे. ती ओपीडी सुरू होईपर्यंत, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला उद्या संध्याकाळी उजेडात उभं करा, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून पुढून, मागून आणि आतल्या बाजूने मोबाइलवर फोटो काढा, आणि सकाळी डॉक्टरांकडे जाताना ते फोटो सोबत न्या.